दुमड

रोसामेल म्हणतो, धर.
म्हणून मी धरते,
बटाट्याच्या वाफ्यात, गमबूट घालून,
तारेचं दुसरं टोक.
पहिलं त्याच्या हातात, शेडच्या आढ्यावर.
एकेचाळीस वर्षांत आमचं बरंचसं बोलणं
असंच झालंय:
तू तिकडून धर. हलू नकोस.

गणित त्यानं पिठाच्या पिशवीवर मांडलेलं.
एकशे साडेबेचाळीस भागिले सात पूर्णांक एक,
वीस मीटर आणि वर सात सेंटिमीटर.
त्या सातांसाठी माझी शिवणाची टेप गेली;
परत आली ती डांबराचा वास घेऊन.

शिंपल्यांच्या शेतीतून सुटून
एक निळा बोया आमच्या किनाऱ्याला लागला होता.
तो कापून, भोकं पाडून टोकांना बांधला,
म्हणजे वीज झाडात उतरणार नाही.
केबलचे सहा वेढे सफरचंदाच्या दारूच्या बुधल्याभोवती
(बुधला आधी रिकामा करावा लागला,
त्या कामाला शेजारचा एलिसेओ न बोलावता आला).
मग गलोलीत शिशाचं वजन,
मागे मासेमारीचा दोरा,
नेम आरायानच्या शेंड्यावर.
तीनदा चुकला. चौथ्यांदा कोंबडी.
कोंबडी वाचली, पण अजून शेडकडे जात नाही.

काटा तीनवर.
लांब झाली, म्हणाला, आणि कापली.
शिडी, काटा, पक्कड.
अजून वीतभर.
शिडी, काटा, पक्कड.
मी अंकुदला दोन्या क्लोरिंदाकडे शिवण शिकले.
पहिल्या दिवशी तिनं कात्री हातात दिली नव्हती,
फक्त दाखवली होती:
हिला मागे जाता येत नाही.
मी हे त्याला सांगितलं नाही.
त्याला ऐकायचं नव्हतं, आणि मला भाकरी फुगत घालायची होती.

तिसऱ्या संध्याकाळी तार इतकी तोकडी झाली
की आपला पट्टा ओलांडून थेट तिथे पोचली
जिथे कुठलंसं बडं स्टेशन रात्रभर प्रवचन करतं.
रोसामेल पायरीवर बसला.
पाच होड्या बांधलेला माणूस,
गुडघ्यांवर मीटरभर तांब्याचे तुकडे.
नवी तार म्हणजे बोट, मग बस, मग दुकानदार,
आणि त्या दुकानदाराशी तो बोलत नाही.

परसात माझी कपड्यांची तार होती.
जुन्या जहाजातून निघालेलं उघडं तांबं,
उशांच्या अभ्र्यांवर तिच्या हिरव्या रेघा.
मी सोडली. आणून मांडीवर ठेवली त्याच्या.
म्हटलं, घे. पण पक्कड माझ्याकडे दे.

लांब आहे?
असू दे. दुमड.
टोक मागे वळव, तिच्याच अंगावर पीळ दे,
वाढत्या पोराच्या विजारीला देतात तशी.
आखूड झाली तर उसवता येते.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग तारेकडे.
दोन्हीकडे चार-चार बोटं.
काटा हलला, दोनवर आला.
अजून तीन बोटं.
काटा एकाला टेकून बसला,
थकलेला कुत्रा चुलीपाशी बसतो तसा.

रात्री दक्षिणेकडून एक बाई आली,
एकशिक्षकी शाळेतली, मेर्सेदेस की मिरेया,
वाऱ्यात नाव अर्धंच पोचलं.
तिच्याकडे चार दिवस बोट नाही,
पोरं सोळा, साखर संपली,
आणि तुमचा आवाज इतका स्वच्छ कसा, अँटेना कसली?
रोसामेलनं घसा साफ केला.
"घरी बनवलेली. अर्धतरंग द्विध्रुव. तांबं."
मी हातातलं विणकाम ठेवलं,
माइकचं बटण दाबलं, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि म्हटलं: कपडे वाळत घालायची तार आहे, बाई.
पलीकडे आधी नुसती खरखर.
मग हसू,
तीनशे किलोमीटर पाण्यावरून,
दुमडीतून, बुधल्यावरून, माझ्या स्वयंपाकघरात.

साखरेचा निरोप आम्ही बंदरावर पोचवला.

सोमवारी मात्र आमचं स्टेशन बंद असतं.
मी दुमड उसवते, तार खाली घेते.
सोमवारी चादरी.