समच्छेद

एप्रिल. सकाळची शाळा.
नाईक तलावाजवळ, सातवी ब च्या खोलीत
पंखा गरम हवाच इकडून तिकडे सारतो.
फळ्यावर मी लिहिलं:
ड्रमात अर्धं पाणी होतं,
टँकरवाल्याने आणखी एक तृतीयांश ड्रम ओतला.
आता किती?

हर्षाली हेडाऊ वही घेऊन सगळ्यांआधी उठली.
वरचे वर मिळवले, खालचे खाली.
एक न् एक दोन, दोन न् तीन पाच.
दोन छेद पाच, मॅडम.

अगं बघ, म्हटलं,
अर्ध्यात ओतलं
आणि अर्ध्याच्याही खाली गेलं?

जाते ना मॅडम.
आमच्या ड्रमात जाते.
छेद हाय त्याले, खाली.

वर्ग हसला, मीही हसले.
छेद खाली असतो, हे मीच तर शिकवलेलं.
तरी लाल पेनाने काट मारली.

मग फळ्यावर ड्रम काढला.
अर्ध्याचा तुकडा जाड,
तृतीयांशाचा त्याहून बारीक,
जाड न् बारीक एका दमात कसे मोजशील?
दोघांनाही पुरेल असा तुकडा शोध.
सहा रेघा.
अर्धं म्हणजे तीन, तृतीयांश म्हणजे दोन.
पाच छेद सहा.
पाणी तेवढंच आहे, रेघा आपल्या.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं,
याचा उपयोग काय?
मला उत्तर सुचलं नाही.
गोळीबार चौकात पाव मागतात, अर्धा मागतात, पाऊण मागतात,
एक षष्ठांश सांबार द्या
असं मी तरी कधी म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षालीच्या बोटांना गुलाबी डाग.
आईचं नेलपॉलिश, मॅडम.
ड्रमले सहा रेघा मारल्या.
रातच्याले पाचव्या रेघेवर पाणी ठेवलं,
कोणी हात लावला नाही, मी बाजूलेच झोपली.
सकाळी पाहते तं
चौथी न् पाचवीच्या बरोब्बर मधात.

म्हणजे किती?

पाऊण.

लिहिलं: पाच छेद सहा वजा तीन छेद चार.
सहा आणि चार.
ती खडू घेऊन बराच वेळ उभी राहिली,
पुटपुटत सहाचा पाढा, मग चाराचा,
आणि बारावर आली तेव्हा
तिची मान आपोआप वर झाली.
दहा वजा नऊ.
एक छेद बारा, मॅडम.
दोनशेचा ड्रम हाय...
एक बादली. रोजची एक बादली!

खडू तिने ठेवलाच नाही.
हळू आवाजात सांगितलं,
होळीपासून आई म्हणते
रेखाकाकू रातच्याले बादली चोरते.
दोघी बोलत नाहीत.
भिंत एकच हाय आमची.

ड्रमाला एम-सील लागलं, शनिवारी, दोन रुपये उधार ठेवून.
पाणी आता पाचव्या रेघेवरच उजाडतं.
गुलाबी रेघा तशाच आहेत,
आईने थिनर आणायचं म्हटलं, आणलं नाही.
आणि रेखाकाकू?
नाही बोलत अजून, हर्षाली म्हणाली,
आई म्हणते, आता कोणत्या तोंडानं जाऊ.

मधल्या सुट्टीत ती टेबलाशी आली.
मॅडम, ज्याईचा लसावि निघतच नाही
असे दोन आकडे असतात का?

नसतात, म्हटलं.
कोणतेही दोन घे.
तीन आणि तेरा घे.

एकोणचाळीस, ती म्हणाली. लयच दूर हाय.

दूर आहे.

तेवढ्यात गल्लीत टँकरचा भोंगा वाजला.
पोरं खिडकीकडे धावली,
कोणाच्या तरी आईने पाइपाचं टोक
शेजारच्या हाती फेकलं
आणि ओरडली, धरा!
घंटा व्हायला अजून सात मिनिटं होती.
मी हर्षालीला जाऊ दिलं.