शिल्लक मैल

बऱ्हाटे मावशी पतपेढीतून कॅशियर म्हणून निवृत्त झाल्या
आणि त्याच आठवड्यात त्यांनी क्रेडिट कार्डाचा अर्ज भरला.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, म्हणाल्या,
आता मैल मोजते.

खडका रोडवर कुणाकडे फ्रीज येवो,
लग्नाचा मंडप, ट्रॅक्टरचे टायर,
झोपेंच्या विहिरीवरची मोटर,
रोख मावशींच्या हातात, कार्ड मावशींचं.
उभ्या वहीत निळ्या शाईनं:
वायकोळे, कूलर, १८,५००. मैल ३७०.
बिल तारखेच्या चार दिवस आधी चुकतं.
व्याज म्हणून एक पैसा बँकेला गेला
की मैल म्हणजे नुसता मळ, असं त्यांचं म्हणणं.

मी खालच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो,
म्हणून जागा शोधायचं काम माझं.
पहाटे साडेपाचला तिकडे मध्यरात्र,
तेव्हा नव्या तारखा सुटतात.
मावशी थर्मास घेऊन जिना उतरत.
अर्धं शटर उचलून आम्ही बसायचो.
यार्डातून एक मालगाडी जायची, पुरती,
तोवर स्क्रीनवर गोल फिरत राहायचं,
मग: जागा नाही.

एका रात्रीत दर बदलले.
साठ हजार मैलांची खुर्ची पंच्याऐंशी हजारांची.
मी शिव्या घातल्या.
त्यांनी वही उघडली, जुना आकडा खोडला,
एकाच रेघेनं, खालचं वाचता यावं असा,
आणि म्हणाल्या, केळीचा भाव तरी
कुणाला विचारून पडतो?

कोलंबोचं त्यांनीच शोधलं.
तीच कंपनी, तीच खुर्ची,
मुंबईहून बसलं तर पंच्याऐंशी, कोलंबोहून बावन्न.
अरे, टप्पा भाडं आहे हे.
रावेरला जाताना सावद्याला उतरून
पुन्हा तिकीट काढलं की दोन रुपये वाचायचे, तसं.
कोलंबोपर्यंत साधं तिकीट, डब्यात कळण्याच्या पुऱ्या.
व्हिसाची फी तेवढी मैलांत चालत नाही,
हे त्यांना शेवटपर्यंत खटकलं.

गल्लीनं विचारलं, कुठी चालल्या मावशी?
व्हिएन्ना.
तिथं कोन आहे?
कोणी नाही.
मंग कशाला?
पहिल्या वर्गात बसायला.
या वयात पहिलीत? म्हणून सगळे हसले,
त्याही हसल्या, पण जरा कमी.

मला एकदाच सांगितलं होतं,
थर्मासचं झाकण घट्ट करता करता.
वडील यार्डात डबे धुवायचे.
एका रविवारी पहिल्या वर्गाच्या डब्यात
त्यांनी हिला खिडकीशी बसवलं,
चपला खाली काढायला लावून.
निळं रेक्झिन, पिंजऱ्यातला छोटा पंखा.
डबा इंचभर हलला नाही.
ती आपली मोठ्यानं म्हणत होती:
जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव.
मनमाडला मुकादम आला.

नवव्या दिवशी त्या परतल्या,
येताना मागची रांग, मधली खुर्ची.
व्हिएन्ना कसं होतं?
थंड.
खुर्चीचा पलंग होतो म्हणे, झोप लागली?
झोपायला का चार वर्षं मैल जमवले?
सगळी रात्र खिडकीचं झाकण वर ठेवलं.
ती सुंदरशी पोरगी दोनदा येऊन विचारून गेली,
काही त्रास होतोय का आजी.

आज गच्चीवरच्या तारेवर
विमानातला करडा नाइटसूट वाळतोय,
शेजाऱ्यांच्या बिबड्यांच्या वर, सेहेचाळीस अंशांत.
बाह्या त्यांना दोन बोटं लांब होतात.
वहीत नवं पान काढलंय.
शिल्लक मैल: ३१२.
मघाशी शटरशी वाकून विचारत होत्या,
फिरकेंचं वॉशिंग मशीन
घ्यायचं ठरलं का रे?