उसने बूट

दुसऱ्याच्या विमानात फुकट बसायचं
तर शर्टाला कॉलर हवी, जीन्स नको,
बूट चामड्याचे, काळे,
आणि टाय. तो नंतर सैल केला तरी चालतो,
दारातून आत जाताना मात्र गळ्यात हवा.

नियमावलीत आहे हे सगळं, सतराव्या का अठराव्या पानावर.
मला शिकवलं ते हार्लन व्रूमननं, कॉफी पिता पिता:
कॉकपिटचं दार उघडं असतं तेवढ्यात
माणसं आत डोकावतात.
त्यांना तिथं अंथरुणातून उठून आलेला कुणी दिसू नये.
आणि विचारायचं. उंबऱ्याबाहेर थांबून.
तू केवढाही कॅप्टन असशील,
आज ते घर तुझं नाही.

एकतीस वर्षं मी असाच घरी गेलो.
घर एका गावात, नोकरी दुसऱ्या,
मध्ये जंपसीट, पाटाएवढी,
जिच्यावर पाय लांब करता येत नाहीत
आणि मत देता येत नाही.
समोर दोन अनोळखी माना,
एक वस्तऱ्यानं कापलेली, एक उन्हानं रापलेली.
एकदा कोपायलट अगदीच नवा होता,
उतरण्याआधी त्याचे कान लाल झाले.
मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
तोही शिष्टाचारच.

फेब्रुवारी. डेट्रॉइट. टॅम्पाहून विमान आणून
मी मोकळा झालो होतो, हॉटेलची गाडी यायची होती.
तेच विमान पुढं डुलुथला निघालेलं, रात्रीचं शेवटचं.
गेटपाशी एक पोरगा, सारेला त्याचं नाव,
कुठल्याशा छोट्या कंपनीचा वैमानिक.
शर्ट कडक, टाय सरळ,
आणि पायांत पोपटी रंगाचे पळायचे बूट.
बॅग शिकागोत राहिली, म्हणाला, चामड्याचे तिच्यात.
बायको डुलुथच्या दवाखान्यात,
तीन आठवडे आधीच कळा.

आत सगळं भरलेलं, उरली ती पाटाएवढी एक,
आणि कॅप्टन ओकरलंड बाई.
दुष्ट नाहीत. पण बूट पाहिले त्यांनी,
मग घड्याळ, मग पुन्हा बूट.
"यांत नाही," म्हणाल्या,
"पाच मिनिटं आहेत. कुठून तरी आण."
रात्री साडेदहाला विमानतळावर
चॉकलेटं मिळतात, मानेची उशी मिळते.

मी खाली बसलो आणि नाड्या सोडल्या.

माझे अकरा नंबर, त्याचे नऊ.
त्यानं पुढं कागदी रुमाल कोंबले,
मी टाचा चिरडल्या.
बापाचे बूट घातलेल्या पोरासारखा
फटक फटक करत तो बोगद्यातून उतरला,
दारात थांबला, विचारलं.
बाईंनी त्याचे पाय पाहिले,
मग या टोकाला उभ्या असलेल्या माझे.
"या," म्हणाल्या, "आत या."

सकाळी एकशे बेचाळीस माणसं
मी पोपटी बुटांत अटलांटाला नेली.
कोपायलट एक अक्षर बोलली नाही.
फक्त चेकलिस्ट वाचताना
शेवटची ओळ संपल्यावर, त्याच सुरात,
"बूट?"
"तपासले," मी म्हणालो.

नऊ दिवसांनी कंपनीच्या टपालात खोकं.
माझे काळे. असं पॉलिश मी जन्मात केलं नव्हतं.
उजव्यात कागदी रुमाल विसरलेले,
डाव्यात चिठ्ठी.
मुलगी. तो मिशिगन सरोवरावर असतानाच झाली.
"पोचायला उशीर झाला," लिहिलं होतं,
"पण दारावरच्या नर्सला वाटलं मी कुणी मोठा डॉक्टर,
बाजूला होऊन तिनं वाट दिली."

पोपटी मी परत धाडले नाहीत.
टाचा पार मोडल्या होत्या, लाज वाटली.
गॅरेजात आहेत, फावड्यापाशी.
बर्फ उपसायला घालतो कधीमधी,
शेजारीण खिडकीतून बघते,
मी हात करतो.