निळं पिंप

मुर्गाबहून निघालो तेव्हा गाडीत खोट नव्हती.
पहिल्या हाकेला उठली,
जागच्या जागी तर दूध प्यालेल्या मांजरासारखी घुरघुरत होती.
शेजारी गुरांचे डॉक्टर, तोपचूबेक,
मांडीवर लशींची पेटी, पेटीत बर्फ,
आणि बर्फ किती तास टिकेल ते
त्यांना तोंडपाठ.

चढ लागला आणि तिला ठसका लागला.
दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गुदमरायची,
उचलला की जराशी सावरायची,
जणू मी मागते तेवढं तिला
मधलं कुणीतरी देतच नाही.

"घाट आहे," मी म्हटलं. "आकबैताल.
नावच पांढरी घोडी. हिच्या पाठीवर
माणसाला धाप लागते, यंत्राला का लागू नये?"
खरं तर मला थांबायचं नव्हतं.
वारा असा, की बॉनेट हातात राहिलं नसतं.

डॉक्टर मात्र मेंढी तपासावी तसे विचारत गेले.
खाते का? खाते.
रवंथ? उभी असताना झकास.
पळवली की बसते?
हो.
दहा मिनिटं विसावली की पुन्हा उठते?
हो, डॉक्टर, हो.
"मग पोटात नाही," ते म्हणाले, "घशात आहे."

मी हसले. पण खिंड ओलांडली,
खाली सपाटी लागली, हवा जरा दाट झाली,
माझी धाप गेली, त्यांची गेली,
हिची नाही गेली.
पांढऱ्या घोडीवरचा आळ तिथेच मागे घेतला.

थांबवली.
डॉक्टरांच्या ओठांतली सिगारेट काढून घेतली, पेटायच्या आत.
फिल्टर हिचा अंगठ्याएवढा, प्लास्टिकचा,
आरपार दिसावा असा;
आत चहाचा गाळ बसल्यासारखं.
नळी चिमटीत दाबली, दोन क्लिपा सैल केल्या,
बोटांवरून पेट्रोल वाहिलं आणि बोटं
माझी वाटेनात, इतकी गारठली.
नवा आहे असं धरून चालले होते,
सीटखाली, कागदात गुंडाळलेला.
तो निघाला जुना बल्ब.

मग बाण पाहिला, पेट्रोल कुठून कुठे जातं तो,
आणि उलट बाजूने तोंड लावून फुंकलं.
काही नाही.
पुन्हा फुंकलं. तोंडभर कडू,
आणि डॉक्टरांनी पसरलेल्या रुमालावर
गंज, वाळू,
नखाच्या टोकाएवढे निळे कपचे.

निळे.
मुर्गाबात निळं पिंप एकच.
इमोमनझरने स्वतः रंगवलं,
बाहेरून आणि आतूनही,
कारण त्याला अर्धवट काम आवडत नाही.
उरलेला रंग घराच्या दाराला लावला.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात.
इथे रंग मुरत होता.
शिवी ओठांवर आली, ती पेट्रोलसोबत थुंकले.
कारण दोन हिवाळ्यांमागे,
बहिणीला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा
ज्याने उठून, हातमोजे न घालता,
वीस लिटर मोजून दिले आणि वही उघडली नाही,
तोही तोच.
ते वीसही निळेच असणार.
पोचलो होतो. भाचा चालतो आता.

बाण इंजिनाकडे करून फिल्टर बसवला,
पंपाची दांडी हाताने मारली, दहा, बारा, पंधरा वेळा,
तेव्हा कुठे पेट्रोल वर आलं.
काराकूलला पोचलो तेव्हा पेटीतला बर्फ
अर्धा शिल्लक होता. डॉक्टर मेंढ्यांकडे धावले,
रुमाल माझ्याकडेच राहिला.

तिथे ओशच्या एका ट्रकवाल्याकडून दोन फिल्टर घेतले.
एक बसवला, एक सीटखाली,
या वेळी कागद उघडून पाहिला.

परतल्यावर टाकी भरायला
निळ्या दारासमोरच उभी राहिले.
इमोमनझरने नरसाळं धरलं.
मी काही न बोलता त्यावर रुमाल अंथरला.
बादली ओतून झाली, तसा तो वाकला,
कापडावर उरलेलं बराच वेळ पाहत राहिला.

"रंग चांगला होता," तो म्हणाला.

"दाराला," मी म्हटलं.