उजवी सीट

पुण्याचा माणूस मस्टँगभोवती दोनदा फिरला,
बॉनेट उघडून गप्प झाला.
टेम्पोचं डिझेल इंजिन.
मूळचं व्ही-एट पोरीच्या अ‍ॅडमिशनला गेलं.
गिअरबॉक्स जीपचा, दिवे मिरजेच्या भंगारातले.
गणपती पेठेत पोरं हिला लाल म्हैस म्हणतात.
"ओरिजिनल काय आहे यात?"

स्टिअरिंग, म्हणालो. अजून डावीकडेच.
ट्रकमागं अडकलो की मला समोरचं दिसायचं नाही.
रत्नप्रभा उजवीकडून मान बाहेर काढायची,
म्हणायची, "थांबा… थांबा… आता घाला!"
अंकलीच्या पुलापर्यंत
एकदाही चुकली नाही.

त्यानं उजव्या दारावरचा पोचा दाखवून
वीस हजार कमी केले.
मी नोटा मोजल्या नाहीत.
किल्ली देताना विचारलं,
एकटेच आलात ना?
मग ट्रकमागंच राहा.