शून्याची रेघ

कोरड्या बाटलीत ॲल्युमिना कुणाचाच नसतो.
ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे गोळे,
हातावर घेतले तर खडूसारखे, बस्.
पाण्यात पडले की मात्र
मटकीला मोड यावेत तसे
अंगभर हायड्रॉक्सिल फुटतात त्यांना,
आणि तेही आपलं आपण काही ठरवत नाहीत.
पाणी आंबट असेल तर एक प्रोटॉन घेतात,
साबणी असेल तर जवळचा देऊन टाकतात.
घेतला की धन, दिला की ऋण.
मधे कुठंतरी एक जागा असते
जिथं सगळं देणंघेणं फिटलेलं असतं.

ती जागा मी नांदेडला शोधत होते, ऑक्टोबरच्या उकाड्यात.
नऊ बाटल्या, तीन ते अकरा पीएच,
प्रत्येकीत थोडं मीठ आणि भरडलेला ॲल्युमिना.
रात्रभर शेकरवर खडखडल्या.
दोनदा लाईट गेली. दुसऱ्यांदा वॉचमन इरफानभाई
दारातूनच म्हणाले, "झोपल्या बघा तुमच्या लेकी."
सकाळी मोजलं :
खालच्या बाटल्या वर सरकलेल्या,
वरच्या खाली उतरलेल्या,
सगळ्यांना जणू एकाच स्टॅण्डवर उतरायचं होतं.
आलेखाची रेघ शून्याला छेदून गेली
आठ दशांश तीनला.
मी वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला.
घरी याडीशी गोरमाटी, इथं साहेबांशी छापील मराठी,
माझा गोल कुठं पडेल, हे काही काढलं नाही अजून.

मग मोहडोंगरीहून फोन आला.
किनवटच्या पुढं, सागाच्या रानातून चाळीस मिनिटं.
तिथला फिल्टर सांभाळतात लिंबाजी बुरकुले.
"मॅडम, फिल्टर तर चालूच आहे, पण मशीनमधी
आकडा कामून उतरंना झालाय?"
बोअरचं फ्लोराइड दोन दशांश नऊ.
फिल्टरमधून आलेलं, दोन दशांश नऊ.
मी पट्टी बुडवली. निळी, गडद निळी. पीएच दहाच्याही वर.
"धुतला होता का?"
"धुतला की. कंपनीची माणसं कॉस्टिकचे दोन कॅन देऊन गेली.
ॲसिडचा कॅन मागून येतो म्हणली."
"मग?"
"मग काय. अजून यायलाय."

म्हणजे गोळे आठवडाभर तसेच,
अंगावरचा शेवटचा प्रोटॉनही दिलेले,
ऋण,
आणि दारात उभं फ्लोराइड, तेही ऋण.
आमच्या भाषेत ऋण म्हणजे उणं
आणि ऋण म्हणजे फेडायचं तेसुद्धा.
गोळ्यांना दुसरा अर्थ माहीत नाही.
ते नुसते तोंड फिरवतात.

ॲसिड मी कॉलेजातून उसनं आणलं.
लिंबाजींनी हातमोजे घातले, एक डावा, एक डावाच.
पातळ केलं, सोडलं, थांबलो,
पुन्हा सोडलं. पट्टी निळी, मग हिरवट,
मग ओल्या गवतासारखी, मग पिवळट,
सहाला आली तसं मी वॉल्व्ह फिरवला.
साडेचारला दुसरा नमुना मोजला :
शून्य दशांश सात.

लिंबाजींची पायल नववीत आहे.
ती ओढणी तोंडावर धरूनच हसते,
मशीनचा आकडा बघून हसली तीही तशीच.
तिच्या दातांवरच्या तपकिरी रेघा
कुठल्याही पीएचला पुसल्या जाणार नाहीत.
हे मी तिला सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही.
कडेवरच्या भावाला खालचे दोन दात आलेत नुकतेच,
ते त्यानं माझ्या बोटावर करकचून लावून पाहिले.

निघताना लिंबाजी कोळशानं
टाकीवर मोठ्या अक्षरात लिहीत होते.
एक ओळ लिहायचे, मागं सरकून बघायचे.
आधी कॉस्टिक.
मग ॲसीड.
मंग पाणी.