जागल

मुलुंडला पाच रस्त्यापाशी, फरसाणच्या दुकानावर
एक हॉल आहे. रविवारी तिथे पत्त्यांची लढाई असते.
तीनपत्तीचे पत्ते नव्हेत,
हे आईला तीनदा सांगून झालंय.
ती अजून म्हणते, घरतांच्या घरात जुगार नव्हता.

मी भांडुपच्या पंपहाऊसमधून थेट आलेलो.
रात्रभर काटे बघितलेले डोळे,
कानात मोटारींची घरघर चालूच.
यज्ञेश म्हणतो, बाबा, झोपू नको, नीट बघ.
हल्ला केला की पत्ता आडवा होतो.
आडवा झालेला कुणाला अडवू शकत नाही.

हे मला लगेच कळलं.
बाकीचे नियम चार महिने झाले, कळत नाहीत.

त्याच्याकडे एक बगळा आहे. एका पायावर,
चोचीत भाला. ताकद दोन, टिकाव चार.
चित्राखाली एकच शब्द: व्हिजिलन्स.
आमच्या खात्यात त्या नावाची माणसं आली
की सगळे नोंदवह्या शोधत सुटतात.
इथे अर्थ एवढाच,
हा मारून येतो आणि तरी उभा असतो.

माझे आजोबा याला जागल म्हणाले असते.
नाहूरला भातावर डुकरं उतरायची,
हे माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत
आणि उजाडलं की त्याच पायांनी चिखलात.
त्या शेतावर आता गाड्या झोपतात,
सात मजले.

शेवटचा डाव. समोर हितांश छेडा, वय बारा,
नखं कुरतडलेली.
यज्ञेशने सगळे सोडले,
भालदार, कोल्हा, दोन्ही नावाडी, बगळासुद्धा.
हितांश वाचला. थोडक्यात, पण वाचला.
यज्ञेशच्या बाजूला सगळे आडवे,
मधे बगळा तेवढा ताठ.

हितांशने बराच वेळ टेबलाकडे पाहिलं
आणि दोघांना पाठवलं.
एक रेडा. एक उंदीर.

बगळ्याने रेडा अडवला.
कुणीही रेडाच अडवला असता.

उंदराची ताकद एक.
यज्ञेशचा प्राण उरला होता एक.

मला वाटलं, रडेल.
त्याने हात पुढे केला, छान खेळलास म्हणाला,
तिथे म्हणायची रीत आहे तसं.
मग बगळा प्लास्टिकच्या पाकिटात सरकवताना
माझ्याकडे न बघता,
जागा होता ना तो, बाबा.

हो, म्हटलं. जागाच होता.

दोन वर्षांपूर्वी मीही जागाच होतो,
तीन नंबरच्या मोटारीपाशी.
बेअरिंग तापलेलं, पहाटेचं पाणी वेळेवर सुटलं,
वहीत शेरा आहे साहेबांचा, उत्तम.
घरी याची आई मोरीत पडली होती रात्री दोनला.
तिचा डावा हात अजून पेला धरत नाही.
ती म्हणते, उजव्याने पिते की.

घरी आलो. तिने विचारलं, जिंकला का?
यज्ञेश म्हणाला, उंदीर.
तिला काय कळलं कोण जाणे, तिने मान हलवली
आणि बोंबलाचं कालवण पुढे सरकवलं.

जेवलो. आडवा झालो.
पंख्याखाली यज्ञेश पत्ते मांडत बसलेला,
स्वतःशीच, दोन्ही बाजूंनी.
नियम पुटपुटत होता:
आपली पाळी आली की
आडवे झालेले सगळे आधी उभे करायचे,
बाकी काय ते नंतर.

माझी पाळी दहाला.